‘कँटरव्हिलचं भूत’ श्रुतिका: साखळदंड, भुताचा आवाज आणि न पोचणारे विनोद

अवकाळी:

नमस्कार मंडळी. ऑस्कर वाइल्डच्या ‘द कँटरव्हिल घोस्ट’ या कथेची अर्ध्या तासाची मराठी श्रुतिका आमचा गट करतो आहे. स्थळकाळ बदलायचा नाही हे पक्कं आहे. अ‍ॅस्कटपासून सात मैलांवरची जुनी हवेली, ती विकत घेणारे अमेरिकेचे राजदूत हायरम ऑटिस, त्यांचं कुटुंब आणि तीनशे वर्षं लोकांना घाबरवत आलेले सर सायमन, सगळं इंग्लंडमध्येच राहणार.

पहिला खर्डा ४,३०० शब्दांचा झालाय. वाचनात तीन अडचणी दिसल्या. कथेत हसू येतं त्याच जागा मोठ्याने वाचताना सपाट वाटतात. साखळदंडांचा आवाज किल्ल्यांच्या जुडग्यासारखा येतो. आणि भुताला घुमारा लावला की शब्द कळत नाहीत, काढला की ते शेजारचे काका वाटतात.

साधनं: एक डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर. खोली फ्लॅटमधलीच. निवेदक ठेवावा का, संगीत किती असावं, हेही सांगा.

कोपऱ्यातला_प्रॉम्प्टर:

आधी लांबी. संवाद, विराम आणि ध्वनिपरिणाम धरून मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द जातात. शीर्षक आणि श्रेयनामं वगळली तर हातात २८ मिनिटं उरतात, म्हणजे ३,००० शब्द. तुमचा खर्डा चाळीस मिनिटांचा आहे. वेग वाढवून तो बसवू नका, विनोदाचे विरामच आधी मरतात. छोटा ड्यूक ऑफ चेशायर, जिप्सींचा शोध, आठ काळ्या घोड्यांची अंत्ययात्रा आणि शेवटचं लग्न काढा. थोरला मुलगा वॉशिंग्टन पहिल्या प्रवेशात फरशीवरचा रक्ताचा डाग घासण्यापुरता ठेवा. रात्रीच्या प्रवेशांत तो आणि वडील, दोन तरुण-प्रौढ पुरुषी आवाज, ऐकणाऱ्याला वेगळे काढता येत नाहीत. भूत, मिस्टर ऑटिस, मिसेस ऑटिस, मुलगी व्हर्जिनिया, धाकटे जुळे मुलगे, घरकाम बघणाऱ्या मिसेस अम्नी आणि वॉशिंग्टन एवढ्यात कथा पूर्ण उभी राहते. हवेली विकणाऱ्या लॉर्ड कँटरव्हिलचा भुताबद्दलचा इशारा सुरुवातीला चार वाक्यांत उरकतो, तो कुणीही दुहेरी भूमिका करून म्हणू शकतो.

आता सपाट जागांबद्दल. या कथेचा निम्मा विनोद संवादात नाहीच, निवेदनात आहे. सर सायमन स्वतःला नटसम्राट समजतात. ‘रेड रूबेन’, ‘गाँट गिबियन, बेक्सली मूरचा रक्तपिपासू’ अशी त्यांच्या भूमिकांची नावं आहेत. आरशासमोर हिरे घालून उभ्या असलेल्या वृद्ध डचेसला झटका आणला, चार मोलकरणींना पडद्याआडून नुसतं दात दाखवून वेड्यापिशा केलं, असा सगळा हिशेब ते अभिमानाने आठवतात. खर्ड्यात फक्त संवाद उचलले असतील तर हे सगळं गळालं असणार. ते परत आणा, पण निवेदकाच्या तोंडी नको. निवेदक भुताकडे बाहेरून बघतो आणि ऐकणारा भुताला हसायला लागतो. ते भुताच्याच स्वगतात घाला. रंगमंचावर स्वगत जड होतं, रेडिओवर ते सर्वांत सोपं आणि सर्वांत जवळचं माध्यम आहे.

आणि एक नियम संहितेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: भूत करणारा नट कधीही विनोदी बोलणार नाही. भूत खरंच भयंकर आहे आणि घरच्यांना त्याचं काहीच वाटत नाही, या दोन गोष्टींच्या टकरीतून हसू येतं. भूतच गमत्या आवाजात बोललं तर ऑटिस मंडळी न घाबरण्यात नवल ते काय?

ग्रंथालयातला डाग दिसतो, ऐकू येत नाही. त्याची सोय वाइल्डनेच केली आहे. डाग रोज पुसला जातो आणि रोज नव्या रंगात उगवतो, आणि घरात संध्याकाळी उद्याच्या रंगावर पैजा लागतात. तो प्रवेश न्याहारीच्या टेबलावर न्या. चमच्यांचे आवाज, जुळ्यांच्या पैजा, वॉशिंग्टन येऊन सांगतो, ‘पाचूसारखा हिरवा’, सगळ्यांचा कल्ला, आणि त्यात फक्त व्हर्जिनियाचा चमचा थांबतो. तिच्या रंगपेटीतले रंग भूत चोरतंय हे पुढे कळतं तेव्हा ऐकणाऱ्याला तो थांबलेला चमचा आठवतो.

मंद्रसप्तक:

भुताच्या आवाजाबद्दल. प्रॉम्प्टर यांनी स्वगत सुचवलंच आहे, त्यावरच ध्वनीचा आराखडा उभा करा. सर सायमन यांना दोन आवाज द्या. एक जाहीर, लोकांना घाबरवण्याचा. दुसरा खासगी, स्वतःशी बोलण्याचा. नट एकच, फरक माइकच्या अंतराचा.

जाहीर आवाज कंडेन्सरवर, तोंड माइकपासून तीन ते चार फूट, थोडं आडवं. नटाने खरोखर आवाज फेकायचा. खासगी आवाज डायनॅमिकवर, १० ते १२ सेंटीमीटरवरून, जवळजवळ कुजबुजीत, आणि त्याला घुमारा अजिबात नाही. जवळ आल्यावर डायनॅमिक माइकचा खालचा पट्टा आपोआप भरतो, तोच त्याचा वृद्ध, थकलेला पोत. तो जास्त झाला तर १२० हर्ट्झच्या खाली थोडं उतरवा.

घुमाऱ्यात शब्द हरवतात याची कारणं दोन. पहिलं, मूळ ध्वनिमुद्रणातच खोली घुसलेली असते आणि तिच्यावर दुसरी खोली चढते. म्हणून नटाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा, पंखा-एसी बंद ठेवा, मूळ आवाज कोरडा घ्या. दुसरं, घुमारा शब्दाला चिकटून सुरू होतो. त्याची सुरुवात २५ ते ३० मिलिसेकंदांनी लांबवा, लांबी दीड सेकंदाच्या आत ठेवा, प्रमाण १५ ते २० टक्के. घुमाऱ्याच्या वाटेवर २५० हर्ट्झच्या खालचं आणि ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. ‘स’, ‘श’, ‘च’ शिट्ट्या मारत फिरत नाहीत आणि व्यंजनं उठून दिसतात.

प्लगइनपेक्षा चांगला उपाय इमारतीतच असतो. कोरडा आवाज स्पीकरवरून रिकाम्या जिन्यात वाजवा आणि एक मजला वर माइक ठेवून तो पुन्हा घ्या. जुन्या रेडिओ केंद्रांतल्या प्रतिध्वनी-खोल्या याच तत्त्वावर चालत. बीबीसीचं ब्रॉडकास्टिंग हाउस १९३२ मध्ये सुरू झालं तेव्हा नाटकासाठी वेगवेगळ्या पोताचे स्टुडिओ होते आणि दिग्दर्शक एका पटलावरून ते एकत्र मिसळत असे. जिन्यातला आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि कोरड्याखाली हवा तेवढाच मिसळा.

मात्र मिस्टर ऑटिसही भुतासमोर त्याच बोळात उभे आहेत, हे विसरू नका. भूत घुमतंय आणि ऑटिस कोरडे असले तर दोघं दोन इमारतींत आहेत असं वाटतं. ऑटिसनाही तोच बोळ द्या, प्रमाण ८ ते १० टक्के, कारण ते ऐकणाऱ्याच्या जवळ आहेत.

आणि हा घुमारा प्रवेशागणिक कमी करत जा. पहिल्या रात्री पूर्ण, चिलखत घालताना होणाऱ्या फजितीनंतर निम्मा, आणि व्हर्जिनिया त्याला टॅपेस्ट्रीच्या खोलीत खिडकीशी बसलेलं बघते तेव्हा शून्य. तिथे पहिल्यांदाच त्याचा खासगी आवाज दुसऱ्या माणसासमोर येतो. हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही, कानाला कळतं.

एक बारीक गोष्ट. ‘भूत’ हा शब्द पानापानावर येणार आणि ‘भ’चा श्वास थेट माइकवर आदळतो. ‘फ’, ‘ख’, ‘थ’चंही तेच. माइक तोंडाच्या समोर न ठेवता ३० ते ४५ अंश बाजूला ठेवा आणि पॉप फिल्टर चार बोटं अंतरावर. हा धक्का नंतर गाळून काढला तरी शब्द पोकळ होतो.

लोखंडी_तवा:

साखळीचं सांगतो. जुडग्यासारखी वाजते कारण कड्या हलक्या आहेत. हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिलिमीटर जाडीची लोखंडी साखळी दीड-दोन मीटर घ्या, क्रोम केलेली नको. खाली लाकडी फळी, फळीखाली दुमडलेली सतरंजी. हातात सुती हातमोजे, नाहीतर बोटांच्या घासण्याचा आवाज येतो. माइक ६० ते ८० सेंटीमीटरवर, कड्यांकडे थेट न रोखता थोडा वळवलेला. साखळीचे टोकदार आघात मीटरवर दिसतात त्याहून उंच असतात, म्हणून शिखर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तडकलेला आघात नंतर दुरुस्त होत नाही. मग तोच ट्रॅक ८० टक्के वेगाने वाजवा, स्वर उतरतो आणि कड्या मोठ्या वाटतात. त्याखाली पावलं स्वतंत्र घ्या. पाऊल आधी, साखळी किंचित मागून, कारण ती ओढली जाते. दोन्ही एकाच क्षणी वाजली की घुंगरू वाटतात.

आता कथेची खरी गंमत. रात्री एक वाजता साखळदंडांनी झोप मोडते तेव्हा मिस्टर ऑटिस काडी ओढून घड्याळ बघतात, सपाता घालतात, वंगणाची बाटली घेऊन बाहेर येतात आणि साखळ्यांना तेल घाला म्हणून शांतपणे सांगतात. भूत बाटली फरशीवर आदळतं. पण पुढे मार खाऊन थकल्यावर तेच भूत बूट काढून, पायाखालच्या जुन्या फळ्या सांभाळत, साखळ्यांना तेच वंगण लावून चोरपावलांनी फिरू लागतं. हा विनोद संपूर्णपणे आवाजाचा आहे, छापील पानापेक्षा तुमच्याकडे जास्त खुलेल. साखळीच्या तीन अवस्था मुद्रित करा. गंजकी: कोरडी साखळी, खाली फळीवर बारीक वाळू. तेल लावलेली: तीच साखळी, प्रत्येक दोन-तीन कड्यांमध्ये सुती चिंधी गुंफून, फक्त मऊ धप्प उरतं. तिसरी सर्वांत शेवटी, गुप्त खोलीत सांगाडा सापडतो तेव्हा, भिंतीच्या कडीशी एकदाच हललेली आणि थांबलेली. दुसऱ्या अवस्थेआधी बाटलीचं बूच आणि तेल घालण्याचा आवाज स्पष्ट यायला हवा, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल तुमचा ट्रॅक उडाला.

चिलखत कोसळताना स्टीलची भांडी वापरू नका. कान चटकन स्वयंपाकघर ओळखतो. लोखंडी तवे, कढई, जाड पत्र्याची पेटी घ्या आणि तीन थर वेगवेगळे मुद्रित करा: आधी लाकडी बैठकीची करकर, मग सगळं एकदम खाली, आणि शेवटी एकटं शिरस्त्राण गडगडत जाऊन स्थिरावतं. ते शिरस्त्राण म्हणजे दगडी फरशीवर कडेवर फिरवलेली लोखंडी कढई. ती पूर्ण थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

दारावर ठेवलेला पाण्याचा जग भुताच्या अंगावर पडतो तो न्हाणीघरात घेऊ नका. फरशा घुमतात आणि तो घुमारा काढता येत नाही. रात्री गच्चीवर ओलं गोणपाट पसरून त्यावर अर्धी बादली एकदम ओता, आवाज कापडावर पडल्यासारखा येतो.

विजेसाठी टांगलेला पातळ पत्रा, सहा फूट बाय तीन फूट, खालच्या कोपऱ्याला धरून हलवायचा. सुरुवातीला हाताचा एक तळवा जोरात मारा, तोच कडकडाट. नुसता गडगडाट मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, २०० हर्ट्झच्या खालचं तिथे जवळपास काही उरत नाही.

उत्तररात्र:

निवेदकाच्या बाबतीत मी थोडी वेगळी बाजू मांडते. सगळं स्वगतात घातलं तर पहिली पाच मिनिटं भूत प्रकट होण्याआधीच ओळखीचं होऊन बसेल. पहिली रात्र होईपर्यंत त्याचं स्वगत येऊच देऊ नका. सुरुवात घरकाम बघणाऱ्या मिसेस अम्नी यांच्या तोंडून करा, निवेदक म्हणून नव्हे, पात्र म्हणूनच. १५७५ मध्ये सर सायमन यांनी पत्नी एलिनोर हिचा याच जागी खून केला, नऊ वर्षांनी ते स्वतः नाहीसे झाले, प्रेत सापडलं नाही, हे ती वॉशिंग्टनला सांगते आणि तो गुडघे टेकून डागनाशक घासत असतो. एका बाजूला तिचं गंभीर कथन, दुसऱ्या बाजूला घासण्याची खसखस. डाग गेला असं तो जाहीर करतो, वीज कोसळते, ती बेशुद्ध पडते. माहिती, स्वभाव आणि पहिलं हसू एकत्र येतात.

हसण्याच्या प्रवेशाची मोजणी मात्र काटेकोर करा. भूत आपलं गाजलेलं राक्षसी हास्य करतं, छत दणाणतं, आणि मिसेस ऑटिस दार उघडून ‘तुमची तब्येत बरी दिसत नाही, अपचन असेल तर हे औषध घ्या’ म्हणते. बहुतेक ठिकाणी हास्याच्या शेपटीवरच दार उघडतात आणि विनोद वाया जातो. हास्याचा घुमारा पूर्ण विरू द्या. मग दीड ते दोन सेकंद काहीच नाही. मग कडीचा साधा आवाज. मग तिचं वाक्य, डॉक्टरकडे बसल्यासारखं, एकही शब्द न चढवता. त्या दोन सेकंदांत ऐकणारा किंकाळीची वाट बघत असतो.

शांतता म्हणजे रिकामा ट्रॅक नव्हे. प्रत्येक जागेचा बोलणं नसलेला अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेवा आणि विरामांखाली तो चालू ठेवा. पूर्ण शून्य आलं की ऐकणारा मोबाइल तपासतो.

संगीत शीर्षकाला, शेवटाला आणि फार तर दोन प्रवेशबदलांना. भुताच्या आगमनाला कधीही नको. संगीत ऐकणाऱ्याला ‘आता घाबरा’ म्हणून आधीच सांगतं, मग ऑटिस कुटुंबाच्या थंडपणाचा धक्का बसत नाही.

अवकाळी:

सगळ्यांचे आभार. खर्ड्यात नेमकं स्वगतच नव्हतं. आणखी तीन शंका. पत्नीचा खून कथेत हसण्यावारी जातो, तो भाग आज कसा ठेवावा? मध्यरात्रीचे बारा ठोके अख्खे वाजवायचे का? आणि हक्कांचं काय, विशेषतः यूट्यूबवर टाकायचं असेल तर?

कोपऱ्यातला_प्रॉम्प्टर:

खून काढू नका, तो काढला तर शेवटची क्षमा कशाची मागणार? सर सायमन सांगतात की बायको दिसायला साधी होती, तिला त्यांच्या गळपट्ट्यांना नीट खळ करता येत नव्हती, स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं. मूळ कथेत व्हर्जिनिया त्याआधीच गंभीरपणे म्हणते की कुणालाही मारणं चूकच. ते वाक्य तिथेच ठेवा आणि त्याच्यामागे हसवणारा आवाज किंवा संगीत येऊ देऊ नका. नटाने ही कारणं पूर्ण खात्रीने सांगावीत, त्याला ती खरोखर पुरेशी वाटतात. त्यानंतर बायकोच्या भावांनी त्यांना उपाशी मारलं हे येतं, आणि तिथून पुढे प्रवेश हसण्याचा राहत नाही. सर सायमन करतात ते मृत्यूच्या बागेचं वर्णन पाऊण-एक मिनिटाच्या वर लांबवू नका, पण त्यातलं एक वाक्यही घाईत म्हणू नका.

बदामाच्या झाडाची भविष्यवाणी व्हर्जिनियाने मोठ्याने वाचायला हवी, खिडकीवर रंगवलेली ती तिला पाठ आहे. सहा ओळी आहेत, मराठीत यमक ठेवा, कारण शेवटी वाळलेल्या झाडाला मोहर आला हे जुळे ओरडून सांगतात तेव्हा ती ऐकणाऱ्याला आठवली पाहिजे.

बारा ठोके अख्खे वाजवले तर अर्धा मिनिट जातं. नाहीशा झालेल्या व्हर्जिनियाच्या शोधाशोधीच्या संवादाखाली ते सुरू करा, सुरुवातीचे सात-आठ बोलण्यात बुडू द्या, शेवटचे चार उघडे ठेवा आणि बाराव्यावर भिंतीचं फळकूट उघडा. पण मुद्रणात ठोके बाराच असू द्या. ऐकणारे मोजतात.

उत्तररात्र:

हक्क: कथा १८८७ मध्ये ‘द कोर्ट अँड सोसायटी रिव्ह्यू’ या नियतकालिकात आली आणि वाइल्ड १९०० मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ इंग्रजी कथा मोकळी आहे. मराठी अनुवादांचं तसं नाही, तो हक्क अनुवादकाचा असतो. म्हणून रूपांतर थेट इंग्रजीवरून करा. १९४४ चा चार्ल्स लॉटन यांचा चित्रपट पाहिला असेल तर त्यातलं काही नकळत उतरलं नाही ना, ते तपासा. त्यात कथा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांवर नेली आहे आणि ती भर चित्रपटकर्त्यांची आहे.

तयार ध्वनी घेणार असाल तर बीबीसीचा ध्वनिसंग्रह संकेतस्थळावर मोकळा दिसतो, पण तो अव्यावसायिक वापरापुरताच. जाहिराती सुरू असलेल्या वाहिनीवर चालणार नाही. फ्रीसाउंड या ध्वनींच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो, सीसी-शून्य (सगळे हक्क सोडलेला) असेल तेच घ्या किंवा श्रेय नोंदवत चला.

मंद्रसप्तक:

शेवटच्या मिश्रणाबद्दल एवढंच. संवाद आधी पूर्ण बसवा, मग ध्वनिपरिणाम त्याखाली आणा, उलटं करू नका. एकूण पातळी स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), मोनोला उणे १९, शिखर उणे १ डेसिबलच्या आत. सगळं दाबून एका उंचीला आणू नका, भुताचं हास्य आणि मिसेस ऑटिस यांचं वाक्य यांत किमान ८ ते १० डेसिबलचा फरक राहू दे.

एमपी३ करताना मोनोला निदान १२८ केबीपीएस ठेवा. ६४ वर साखळी, पाऊस आणि पाणी या तिन्हींचा एकच खरखराट होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी पोचते. पाठवण्याआधी इअरफोन, मोबाइलचा उघडा स्पीकर आणि चालत्या गाडीतला स्पीकर अशा तिन्ही ठिकाणी ऐका. गाडीत तेल लावलेल्या साखळीचा प्रवेश अजिबात ऐकू आला नाही, तर साखळी वाढवू नका, फळ्यांची करकर २ डेसिबलने वर आणा.